बॉनचे उन्हाळी सत्र

"युरोपात एका लहान गावी शिकायला चालले आहे," असे जळगावात सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. लंडन नाही, पॅरिस नाही. हे बॉन कुठले? वस्ती सव्वातीन लाखांच्या पुढे, म्हणजे 2011 च्या शिरगणतीतल्या धुळ्यापेक्षाही कमी. पण पश्चिम जर्मनीची ही राजधानी होती, बेथोव्हेन इथलाच, आणि श्लेगेल नावाच्या इथल्या प्राध्यापकाने 1823 साली देवनागरी टाइप पाडून घेऊन भगवद्गीता इथे छापली!

घरात मात्र प्रश्न निराळाच होता. अदलाबदलीच्या करारात फी आपल्याच कॉलेजात भरायची असते, हे खरे. पण विमान, विमा, खोलीचे भाडे? "एवढा पैसा ओतून पदवी नाहीच ना हाती येणार?" हे बाबा रोज जेवताना विचारीत. एका संध्याकाळी आईने बांगड्यांचा विषय काढला, आणि मग कुणीच बोलेना.

कोंडी फोडली धुळ्याच्या मामांनी. ते मला लळिंगला घेऊन गेले. 1937 च्या जुलैअखेर बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्यास आले, तेव्हा ते इथल्या लांडोर बंगल्यात उतरले होते. 31 जुलैला अजूनही तिथे माणसांची रीघ लागते. मामा म्हणाले, "पोरी, हेसुद्धा बॉनचेच विद्यार्थी, बरे का!"

गोष्ट खरी आहे. लंडनला अर्थशास्त्र शिकत असताना 1921 साली त्यांनी बॉनला स्वहस्ताक्षरात, जर्मन भाषेत लिहिले. 29 एप्रिल 1922 रोजी नाव दाखल झाले, आणि व्याख्यानांना हजेरी नाही म्हणून 12 जानेवारी 1923 ला ते कमीही झाले. इकडे लंडनचा प्रबंध पुरा करायचा होता आणि पैशाची ओढाताण तर पाचवीलाच पुजलेली. त्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले. जर्मन मार्क दिवसेंदिवस गडगडत होता, आणि रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा हा विद्यार्थी त्याच देशाच्या पटावर होता. मला तर हा योगायोग फार विलक्षण वाटतो. मामांनी बाबांना एवढेच सांगितले, "त्यांना राहता आले नाही. हिला येईल." बाबांनी दुसऱ्या दिवशी बँकेत चौकशी केली. बांगड्या हातातच राहिल्या.

बॉनला व्याख्यान दहाचे असले तर सव्वादहाला सुरू होते. ही तिकडची जुनी रीत. संपले की टाळ्या नाहीत, सगळे बाकावर बोटांची पेरे आपटतात. रविवारी दुकाने बंद. शनिवारी दूध-पाव आणला नाही तर उपास! पण खरी परीक्षा सेमिनारची. पंधरा जणांत बसायचे, आणि प्राध्यापक शांतपणे विचारणार, "तुमचे मत काय?" आपल्याकडे गाइडात असले काही नसते.

विषय मला दुकानात सापडला. केळ्यांवर चिठ्ठी: इक्वेडोर! जळगावची पोर बॉनमध्ये इक्वेडोरची केळी विकत घेते आहे. बरे, जात तीच कॅव्हेंडिश. आपल्याकडची ग्रँड नैन त्याच कुळातली. मग आमची का येत नाहीत? महिनाभर तेच वाचले. हिरवा घड कापल्यापासून तेरा-चौदा अंशांच्या गारव्यात ठेवायचा, जहाजातही तोच गारवा, आणि पिकवायचा तो इकडे उतरल्यावर. या साखळीत एक दुवा तुटला की माल गेला. रावेरच्या काकांना मी फोनवर इतके प्रश्न विचारले की ते म्हणाले, "तू अर्थशास्त्र शिकतेस की केळी?" निबंध वाचून झाल्यावर बाके वाजली. सेमिनारमधल्या कुणालाच तोवर जळगाव ठाऊक नव्हते.

परत आल्यावर तिथल्या 30 क्रेडिटांपैकी 24 च इकडे धरली गेली. बाकीच्यांसाठी मी महिनाभर खेटे घालते आहे. म्हणून जाणाऱ्यांनी आधी लेखी मान्यता हाती घ्यावी. थोडी जर्मन इथेच शिकावी, आणि ज्वारीचे बिबडे भरपूर न्यावेत. विमानात ते मोडतात, पण चुऱ्यावर कांदा, तिखट नि कच्चे तेल घातले की वसतिगृहाचा सगळा मजला खोलीत जमतो.