ओहम आणि वॅट : आवाजाच्या यंत्रांचा मेळ

ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें नांव आहे, हा मुंबईंतील विजेच्या व आवाजाच्या उपकरणांचा जुना बाजार. गणेशोत्सव जवळ आला, कीं गिरगांव, परळ, लालबाग या भागांतील मंडळांचे कार्यकर्ते तेथें स्पीकर पाहूं लागतात. आणि त्याच फळीसमोर दादरचा एखादा गृहस्थ आपल्या मोटारींत बसविण्यासाठीं खर्जाचा स्पीकर, म्हणजे बाजारांत ज्याला सबवूफर म्हणतात तो, पाहात उभा असतो. दोघांचीं कामें भिन्न, पण प्रश्न एकच : ‘किती वॅटचा ?’ वास्तविक पहिला प्रश्न ‘किती ओहमचा ?’ असा असावयास हवा.

अॅम्प्लिफायर हें यंत्र स्वतः आवाज करीत नाहीं; तें विजेचा क्षीण संदेश बलवान करतें. त्या विजेचा आवाज करणें हें स्पीकराचें काम. स्पीकराच्या पोटांत लोहचुंबकाच्या फटींत बारीक तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून वीज खेळूं लागली, कीं तें मागेंपुढें हालतें, त्याला चिकटलेला पडदा हालतो, आणि हवा कंप पावते. हें वेटोळें विजेच्या वाटेंत जो एकूण अडथळा आणतें त्याला शास्त्रांत ‘संरोध’ आणि बाजारांत ‘इंपीडन्स’ म्हणतात. तो ओहम या परिमाणानें मोजतात. स्वराच्या उंचीप्रमाणें तो कमीजास्त होतो; स्पीकरावर लिहिलेले ४ किंवा ८ ओहम हें केवळ हिशेबासाठीं धरलेलें मान होय.

अनेकांची समजूत अशी, कीं ८ ओहमांचा स्पीकर ४ ओहमांच्या दुप्पट जोरकस. वस्तुस्थिति उलट आहे. अडथळा जितका कमी, तितका प्रवाह अधिक. यंत्र २० व्होल्टांचा दाब देत आहे असें मानल्यास ८ ओहमांच्या स्पीकरांतून अडीच अँपिअर प्रवाह वाहून ५० वॅट शक्ति खर्ची पडते. ४ ओहमांतून ५ अँपिअर आणि १०० वॅट. २ ओहमांतून १० अँपिअर आणि २०० वॅट. दाब तोच, पण भार चौपट. हा प्रवाह यंत्रांतील ट्रान्झिस्टरांनाच वाहावा लागतो. त्यांच्या शक्तीबाहेर गेला, कीं ते तापतात. यंत्रांत संरक्षणाची सोय असली तर तें आपोआप बंद पडतें, नसली तर जळतें. उलटपक्षीं, ट्रान्झिस्टरांच्या यंत्राला नेमल्यापेक्षां अधिक ओहमांचा स्पीकर जोडल्यास अपाय होत नाहीं. शक्ति मात्र कमी मिळते.

एका यंत्राला अनेक स्पीकर जोडले म्हणजे काय होतें, हें चाळींत राहणाऱ्यास समजावयास कठीण नाहीं. गच्चीवरील टाकीचा एक नळ सोडला असतां जेवढें पाणी जातें, त्याच्या सुमारें दुप्पट दुसरा नळ सोडतांच जाऊं लागतें. वाटा वाढल्या, म्हणजे एकूण अडथळा घटला. स्पीकरांची समांतर जोडणी अशीच आहे : ८ ओहमांचे २ स्पीकर मिळून ४ ओहम होतात, आणि ४ स्पीकर मिळून २ ओहम. एकाचें टोक दुसऱ्याच्या आरंभाला बांधलें तर ती एकसर जोडणी. तींत अडथळ्यांची बेरीज होऊन ८ आणि ८ मिळून १६ ओहम होतात. ऐन उत्सवांत ‘आणखी एक लावा’ असें म्हणून तार जोडणारा कार्यकर्ता टाकीचा आणखी एक नळ सोडीत असतो. वर्गणीच्या पैशांतून घेतलेलें यंत्र मग आरतीच्या मध्येंच मुकें होतें.

गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. लालबागच्या राजाचा उत्सव १९३४ पासूनचा. अशा उत्सवांत मंडपापासून गल्लीच्या तोंडापर्यंत कर्णे लावावयाचे, तर तारा फार लांब जातात. तारेचाच अडथळा १ ओहम झाला आणि कर्ण्यांचा एकूण ४ ओहम असला, तर शक्तीचा पांचवा हिस्सा तारेंतच नष्ट होतो. यावर उपाय म्हणून १०० व्होल्टांची पद्धति निघाली. तींत दाब वाढवून वीज धाडतात, आणि प्रत्येक कर्ण्याजवळ लहान ट्रान्सफॉर्मर बसवून तो पुन्हां उतरवितात. येथें ओहमांचा हिशेब करण्याचें कारण पडत नाहीं; १० वॅटांचे १० कर्णे जोडले म्हणजे भार १०० वॅट, इतकी साधी बेरीज पुरते. ती यंत्राच्या शक्तीपेक्षां कमी असावी, एवढाच दंडक.

मोटारींत अडचण निराळी. तेथें बॅटरी १२ व्होल्टांची. केवळ तेवढ्या दाबावर चालणाऱ्या यंत्राला ४ ओहमांच्या स्पीकरांत सुमारें १८ वॅटांपेक्षां अधिक शुद्ध शक्ति घालतां येत नाहीं. म्हणून खर्जासाठीं आंतल्या आंत दाब वाढविणारें स्वतंत्र यंत्र घेतात, आणि स्पीकरहि कमी ओहमांचे ठेवतात. पुष्कळ सबवूफरांत वेटोळीं दोन असतात. प्रत्येक ४ ओहमांचें असल्यास एकसर जोडणीनें ८ आणि समांतर जोडणीनें २ ओहम होतात. ४ कधींच होत नाहींत. यंत्राचे दोन भाग एकत्र जोडून, म्हणजे ‘ब्रिज’ करून, ४ ओहमांपर्यंतच चालवावें असें त्यावर लिहिलें असेल, तर २ ओहमांची जोडणी घातक, आणि ८ ओहमांची निर्धोक पण दुर्बळ. त्याऐवजीं २ ओहमांच्या दोन वेटोळ्यांचा सबवूफर घेतला, तर एकसर जोडणीनें नेमके ४ ओहम मिळतात. हें गणित दुकानांतच करावें. नंतर केलें तर किंमत दोनदां मोजावी लागते.

ओहम जुळल्यावर वॅटांकडे वळावें. पेटीवर ठळक छापलेला आंकडा बहुधा क्षणिक शिखराचा असतो, हिशेबांत ‘आर. एम. एस.’ असा लिहिलेला, अखंड शक्तीचाच आंकडा धरावा. पेटींतला सामान्य स्पीकर मिळालेल्या शक्तीच्या शेकडा एकदोन भागांचाच आवाज करतो. उरलेल्या शक्तीची उष्णता होऊन वेटोळें तापतें. म्हणून यंत्राची व स्पीकराची अखंड शक्ति जवळपास सारखी असावी. लहान यंत्र घेतल्यानें स्पीकर सुरक्षित राहतो, ही समजूतहि अपुरी आहे. लहान यंत्राचा कान पिळून त्याच्या शक्तीबाहेर काम घेतलें, कीं विजेच्या लहरींचीं टोकें छाटलीं जाऊन त्या चौकोनी बनतात. आणि तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीपेक्षां पुऱ्या चौकोनी लहरींत शक्ति दुप्पट असते. आवाज फाटूं लागला, कीं तो कमी करावा, ही सूचना केवळ कानांच्या सुखासाठीं नाहीं.

एवढी शक्ति वाढवून लाभ तरी किती होतो ? वॅट दुप्पट केले, तर आवाज अवघा ३ डेसिबलांनीं वाढतो, आणि कानाला तो जेमतेम अधिक वाटतो. आवाज दुप्पट भासावयाचा तर वॅट सुमारें दसपट लागतात. इकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. रात्रीं १० ते सकाळीं ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई असून सरकार वर्षांतून मोजकेच दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें. परळला केईएम आणि टाटा या रुग्णालयांच्या खिडक्यांपासून मंडप फार दूर नसतात. ओहम जुळलेलें मध्यम शक्तीचें यंत्र आणि योग्य जागीं टांगलेले चार कर्णे मंडपांतल्या शेवटच्या भाविकापर्यंत आरतीचे शब्द स्पष्ट पोहोंचवितात. त्यापलीकडचा प्रत्येक वॅट ज्याला आरती ऐकावयाची नसून झोंप हवी आहे, अशा रुग्णाच्या उशाशीं जातो.