टर्बो गाडीचे पॅकिंग पुन्हा पुन्हा का उडते?

मोटार दुरुस्तीच्या धंद्यावर आपल्या अनेक घरांची रोजी चालते. या धंद्यातील मिस्त्री बांधवांकडून अलीकडे एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. टर्बो गाडीचे एक्झॉस्टचे पॅकिंग बदलून दिले, गिऱ्हाईक खूष होऊन गेले आणि दोन-तीन महिन्यांत तीच गाडी, तोच आवाज घेऊन पुन्हा दारात उभी राहिली. दुसऱ्या खेपेला मजुरी मागता येत नाही. तिसऱ्या खेपेला गिऱ्हाईकच येत नाही, ते कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते.

उदाहरणासाठी फियाटचे १२४८ सी.सी.चे डिझेल इंजिन घेऊ. मारुतीने ते २००७ साली स्विफ्टमध्ये आणि २००८ साली डिझायरमध्ये आणले, टाटांनी इंडिका व्हिस्टात बसविले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, पण आधी विकल्या गेलेल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांपैकी अनेक टॅक्सीत लाखो किलोमीटर चाललेल्या आहेत, आणि कंपनीचा दर परवडत नाही म्हणून त्या आपल्याच गॅरेजमध्ये येतात. तेव्हा हे काम नीट येणे हा पोटाचा प्रश्न आहे.

साध्या इंजिनात मेनिफोल्डचे पॅकिंग गळले तर आवाज येतो, वास येतो, पण गाडी ओढते. टर्बोच्या इंजिनात तसे नाही. टर्बोची चाके फिरतात ती याच जळक्या वायूच्या जोरावर, मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांनी. वायू वाटेतच निसटला की टर्बो मंदावतो, हवा कमी मिळते, काळा धूर येतो, पिकअप जातो आणि अॅव्हरेज घसरते. स्कॅनर लावला तर ‘पी ०२९९’ हा कोड दिसतो. त्याचा अर्थ हवेचा दाब कमी पडतो, एवढाच. टर्बो गेला, असा त्याचा अर्थ नाही. येथेच मोठी गफलत होते. कोड पाहून गिऱ्हाईकाला हजारो रुपयांचा टर्बो घ्यायला लावला जातो, आणि दोष काहीशे रुपयांच्या पॅकिंगचा निघतो. असा फसलेला गिऱ्हाईक एकट्या मिस्त्रीला दोष देत नाही, सगळ्या मोहल्ल्यातील गॅरेजना देतो.

म्हणून तपासाचा क्रम ठरवून घ्यावा. आधी इंटरकूलरचे रबरी पाइप व क्लिपा, मग व्हॅक्युमच्या बारीक नळ्या, मग पॅकिंग, आणि सर्वांत शेवटी टर्बो. टर्बोची दांडी आडवी किंचित हलते, हे लक्षात ठेवावे. ती तेलाच्या थरावर फिरते, तेव्हा तेवढे हलणे ठीकच आहे. मात्र पाती घराला घासत असतील किंवा दांडी पुढे-मागे हलत असेल, तर टर्बो गेला समजावे.

पॅकिंगची गळती ओळखण्याची उत्तम वेळ सकाळची, थंड इंजिनाची. चालू करताच टिक-टिक आवाज येतो, एक्सलरेटर दाबला की वाढतो आणि इंजिन तापले की पुष्कळदा नाहीसा होतो, कारण लोखंड फुगून फट बुजते. सांध्यापाशी काजळीची काळी रेघ दिसली तर शंका उरत नाही. कधी कधी इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वायसरमधूनही असाच ‘छुक-छुक’ आवाज येतो. तेथे इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमलेला असतो, तो पाहून मगच मेनिफोल्डला हात घालावा. खात्री करायची तर इंजिन बंद व थंड असताना व्हॅक्युम क्लीनरची फुंक सायलेन्सरच्या टोकातून आत सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी मारावे. गळती असेल तेथे बुडबुडे येतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पॅकिंग आपोआप उडत नाही. अशा इंजिनात हेड अॅल्युमिनियमचे व मेनिफोल्ड बिडाचे असते. हेडला पाण्याची थंडाई मिळते, ते शंभर अंशांच्या आसपास राहते. मेनिफोल्ड मात्र सहाशे अंशांवर जाऊ शकते. त्या उष्णतेत एक फूट लांबीचे बीड सुमारे दोन मिलिमीटर वाढते, हेड जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक फेरीत मेनिफोल्ड हेडवर सरकते आणि थंड झाल्यावर परत येते. म्हणूनच त्याची भोके स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात. पान्याला पाइप लावून नट आवळला की हे सरकणे अडते. मग मेनिफोल्ड वाकते, तडकते किंवा टोकाचा स्टड तुटतो. ‘घट्ट म्हणजे मजबूत’ ही जुन्या उस्तादांची शिकवण ट्रकच्या चाकाला ठीक होती, येथे ती नुकसान करते.

तेव्हा जुने पॅकिंग काढल्यावर नवे लगेच बसवू नये. मेनिफोल्डच्या तोंडावर पोलादी सरळ पट्टी आडवी धरून फिलर गेज आत घालून पाहावे. कंपनीच्या पुस्तकात मर्यादा दिलेली असेल तर ती पाळावी. पुस्तक हाताशी नसेल तर, आमच्या मते, ०.१ मिलिमीटरची पाती आत शिरली की मेनिफोल्ड लेथवाल्याकडे फेसिंगला पाठवावे. हातातल्या ग्राइंडरने घासून सपाटी येत नाही. नळ्यांच्या मधे तडे आहेत का तेही पाहावे. बिडाला वेल्डिंग होते, पण निकेलची कांडी आणि आधी तापवणे लागते, आणि तरीही ते पुन्हा तडकू शकते. अशा वेळी चांगले मेनिफोल्ड शोधावे. जुन्या बाजारातून आणले तरी पट्टी लावल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

स्टड हा या कामातला सर्वांत जिवावरचा भाग. आदल्या संध्याकाळी गंज सुटण्याचे तेल मारून ठेवावे, नट आधी किंचित आवळून मग सोडवावा, हलत नसेल तर नट तापवावा. स्टड तुटलाच तर उरलेल्या टोकावर नट वेल्ड करून फिरवून पाहावे. ड्रिल वाकडे गेले की अॅल्युमिनियमचे आटे गेले आणि काम हेडपर्यंत पोहोचले. हा धोका गिऱ्हाईकाला गाडी खोलण्याआधी सांगून ठेवावा, नंतर सांगितलेले कोणी मानत नाही.

पॅकिंग थरांच्या पोलादाचेच घ्यावे आणि कोरडे बसवावे. लाल सिलिकॉन येथे मुळीच लावू नये. ते सुमारे तीनशे अंश सोसते, येथे त्याच्या दुप्पट तापते. टर्बोच्या तेलाच्या पाइपालाही ते लावू नये, कारण त्याचे तुकडे सुटून तेलाची वाट बुजते आणि टर्बो खरोखरच जातो. नट नवे घ्यावेत. सर्व नट हाताने बसवून मधून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने पुस्तकातील मापापर्यंत न्यावेत. टर्बोखालचा आधाराचा ब्रॅकेट सर्वांत शेवटी आवळावा. हा ब्रॅकेट ‘उगाच आहे’ म्हणून काढून ठेवण्याची खोड काही ठिकाणी आहे. मग टर्बोचे सारे ओझे मेनिफोल्डच्या स्टडवर येते आणि पॅकिंग पुन्हा उडते. खालचा जाळीचा लवचीक पाइप फाटलेला असेल किंवा इंजिनचे माउंटिंग बसलेले असेल तरी तेच होते. टर्बो उतरवला असेल तर चालू करण्यापूर्वी त्यात ताजे तेल ओतावे.

आणखी एक गोष्ट कारागिरांच्या जिवाची. काही ठिकाणी अजून शीट कापून पॅकिंग बनवतात. जुन्या शीटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे, आणि २०१२ साली डिझेलचा धूरही त्याच यादीत घातला. तेव्हा जुने पॅकिंग कोरडे खरवडू नये, ओले करून काढावे, हवेच्या पाइपाने फुंकू नये. गळका इंजिन शटर पाडून चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पोऱ्याचे डोके दुखू लागले की बाहेर पडावे.

दराबद्दल आमची सूचना अशी. बिलात पॅकिंग, नट-स्टड, फेसिंग आणि मजुरी वेगवेगळी लिहावी, जुने सामान गिऱ्हाईकाच्या हाती द्यावे. फेसिंगचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरले तर मेनिफोल्डवर पट्टी ठेवून त्याखालची फट त्याला दाखवावी. तरीही ते नको म्हणत असेल, तर कामाची हमी नाही, असे बिलावरच लिहून सही घ्यावी.