एका सूत्रातली रेणूंची मोजदाद

व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत लुडविग बोल्ट्झमन यांच्या स्मारकावर एक सूत्र कोरलं आहे: एस = के लॉग डब्ल्यू. एस म्हणजे एन्ट्रॉपी. ती उष्णता आणि तापमान मोजून मिळते. डब्ल्यू म्हणजे वरून तशीच दिसणारी अवस्था रेणूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांतून घडू शकते, ती संख्या. १८७७ साली बोल्ट्झमन यांनी या दोन्हींची सांगड घातली, तीही माख यांच्यासारखे मातब्बर शास्त्रज्ञ अणूंचं अस्तित्वच मानायला तयार नव्हते अशा काळात.

डबीत चार रेणू घ्या. प्रत्येक जण डावीकडे किंवा उजवीकडे, म्हणजे एकूण १६ मांडण्या. सगळे डावीकडे, अशी मांडणी एकच. दोन इकडे दोन तिकडे, अशा सहा. रेणू १०० केले तरी सगळे डावीकडे येण्याची मांडणी एकच राहते. निम्म्या-निम्म्या वाटणीच्या मात्र एकावर २९ शून्यं इतक्या होतात! वायू पसरतो, त्याला कुणी ढकलावं लागत नाही.

मग लॉगॅरिदम कशाला? दोन डब्या शेजारी ठेवल्या की त्यांच्या मांडण्यांचा गुणाकार होतो, एन्ट्रॉपीची मात्र बेरीज. गुणाकाराची बेरीज करून देतो तो लॉगॅरिदम. मला या सूत्रातली सगळ्यात देखणी जागा हीच वाटते. आजचं हे रूप आणि त्यातला के हा स्थिरांक मॅक्स प्लांक यांनी दिला.

आता खरा हिशेब. शून्य अंशाचा १८ ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ६,००० ज्यूल उष्णता लागते. तिला २७३ केल्विनने भागलं की एन्ट्रॉपीतली वाढ मिळते, साधारण २२. हा आकडा सूत्रात घालून उलटं गणित केलं, की पाण्याच्या मांडण्या बर्फाच्या किती पट ते कळतं: एकावर सुमारे सात लाख अब्ज अब्ज शून्यं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या उपकरणांनी रेणूंची ही मोजदाद होते, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

पण मोजायचं कसं, हेही निसर्गच ठरवतो. दोन प्रकाशकण दोन कप्प्यांत ठेवण्याच्या रीती आपण चार मोजू. १९२४ साली ढाक्यात सत्येंद्रनाथ बोस यांनी अवलंबलेल्या पद्धतीने त्या तीनच भरतात, कारण दोन प्रकाशकणांची अदलाबदल केली तरी नवी मांडणी होत नाही. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाविषयीचा प्लांक यांचा नियम याच मोजणीतून निघतो.