सम्राटाने दिलेली सभा सम्राटावरच उलटली

१४ ऑक्टोबर १९०९. चीनच्या एकवीस प्रांतांत त्या दिवशी एक अपूर्व घटना घडली. निवडून आलेले सदस्य प्रथमच प्रांतिक सभागृहात येऊन बसले. जिथे सम्राटाच्या आज्ञेशिवाय पानही हलत नसे, तिथे ही किमया झाली तरी कशी?

औदार्यातून मुळीच नव्हे! पराभवांमागून पराभव पचवून मांचू घराण्याची अब्रू धुळीला मिळाली होती. १९०५ मध्ये चिमुकल्या जपानने रशियाला लोळवले, तेव्हा दरबारी मंडळींना वाटू लागले, की जपानजवळ राज्यघटना आहे, हेच त्याच्या बळाचे गुपित. १९०८ मध्ये नऊ वर्षांचा कार्यक्रम आखला गेला. सभा आधी, संसद सावकाश.

मतदार कोण? पंचविशीवरील पुरुष, तेही शिक्षण, हुद्दा किंवा पाच हजार युआनची मालमत्ता असलेले. स्त्रिया बाद, निरक्षर बाद, अफूबाजही बाद. मतदार हजारात जेमतेम चार. (त्याच वर्षी मोर्ले-मिंटो सुधारणांनी आपल्याला दिलेला मताधिकारही मूठभरांचाच होता.)

साहजिकच निवडून आले ते जमीनदार, व्यापारी, जुने पदवीधर. सगळे राजनिष्ठ! पण एकदा बोलायला जागा मिळाली, की माणूस गप्प बसत नाही. संसद लवकर द्या, म्हणून १९१० मध्ये त्यांनी तीनदा अर्ज केले. दरबाराने १९१३चा वायदा केला आणि अर्जदारांना घरी धाडले. मे १९११ मध्ये मंत्रिमंडळ आले, तर तेरा जणांत हान चिनी फक्त चार!

त्याच महिन्यात रेल्वेमार्ग सरकारजमा झाले. सिच्वान प्रांतात शेतकऱ्यांकडूनही सक्तीने रेल्वेचे भांडवल गोळा केले होते, लोक खवळले. प्रांतिक सभेचा अध्यक्ष फू त्येनच्युन पुढे झाला. सप्टेंबरमध्ये त्याला अटक झाली आणि त्याच्या सुटकेसाठी जमलेल्या जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. बंदोबस्तासाठी शेजारच्या हूपे प्रांतातून फौज हलवावी लागली. १० ऑक्टोबरला त्याच हूपेतल्या वूचांगच्या छावणीत बंड झाले. बंडखोरांनी आपले ठाणे मांडले ते प्रांतिक सभेच्याच इमारतीत. प्रांतामागून प्रांत फुटले. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी सहा वर्षांच्या पू-यीच्या नावे सिंहासन सोडल्याची घोषणा झाली.

कैदेतून सुटलेला फू नोव्हेंबर १९११ मध्ये सिच्वानचा प्रमुख झाला होता. दोन आठवडेही झाले नव्हते, तोच त्याच्याच सैनिकांनी बंड करून शहर लुटले आणि त्याला पळ काढावा लागला.