निरभ्र रात्रीचा धोका

‘आकाश निरभ्र राहील, वारा शांत राहील’ असे हवामानाचे भाकीत ऐकले, की सहलीला निघालेल्याला आनंद होतो. थंड प्रदेशातील बागायतदाराची मात्र वसंत ऋतूत याच भाकिताने झोप उडते. असे का व्हावे?

फ्रान्समधील उदाहरण पाहू. २०२१ च्या मार्चअखेरीस तेथे अनेक ठिकाणी तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले. द्राक्षवेलींना कोवळी पालवी फुटली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात थंडी परतली आणि पारा शून्याखाली उतरला. रात्रभर बागांतून मेणबत्त्या पेटवूनही पुष्कळ पीक हातचे गेले. हिवाळ्यात सुप्तावस्थेतील वेल याहून कडक थंडी सोसते. पण उमललेल्या कोंबातील पाणी गोठले, की त्याच्या पेशी निकामी होतात. सफरचंदाच्या बहराला उणे ४ अंशांत अर्धा तास काढावा लागला, तर बहुतेक फुले मरतात.

आता कारण शोधू. प्रत्येक वस्तू सतत उष्णता उत्सर्जित करते. दिवसा जमिनीला सूर्याकडून त्याहून अधिक उष्णता मिळते. रात्री ही मिळकत थांबते, खर्च मात्र चालूच राहतो! आकाशात ढग असतील, तर ते बरीचशी उष्णता जमिनीकडे परत पाठवतात. निरभ्र आणि कोरड्या हवेतून ती अवकाशात निघून जाते. वारा असेल, तर वरची ऊबदार हवा खाली मिसळत राहते. वारा पडला, की थंड व जड हवा जमिनीलगत साचते. अशा रात्री वर जावे तसे तापमान वाढत जाते. याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात.

म्हणूनच चार फूट उंचीवरील तापमापक ३ अंश दाखवीत असताना गवताच्या पात्यावर तुहिन, म्हणजे बाष्पापासून थेट बनलेले बर्फाचे बारीक कण, दिसू शकते. आपल्या देशात या तत्त्वाचा पूर्वी उपयोगही केला जाई. अलाहाबादेस थंडीत मातीची उथळ भांडी पाण्याने भरून, खड्ड्यांत उसाच्या चिपाडांवर रात्रभर उघडी ठेवीत व पहाटे त्यांतील बर्फ गोळा करीत. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये या कृतीचे वर्णन प्रसिद्ध केले. चिपाडांमुळे जमिनीची उष्णता वर येत नसे. बाष्पीभवनाचाही थोडा हातभार लागे.

मग बाग वाचवायची कशी? मोठे पंखे लावून वरची ऊबदार हवा खाली आणता येते. शेकोट्या करायच्या, तर एका मोठ्या जाळापेक्षा अनेक लहान शेकोट्या बऱ्या; मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते. धुराचे पांघरूण मात्र फारसे उपयोगी नाही, कारण धुराचे सूक्ष्म कण जमिनीची उष्णता फारशी अडवीत नाहीत.

सर्वांत नवलाचा उपाय म्हणजे झाडांवर पाणी फवारणे! एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे बर्फाच्या कवचात अडकलेला कोंब शून्य अंशाच्या आसपास राहतो व वाचतो. परंतु एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ६०० कॅलरी खर्च होतात. फवारा मध्येच बंद पडला किंवा कोरडा वारा सुटला, तर कोंब अधिकच थंड होतो. म्हणून एकदा सुरू केलेला फवारा बर्फ वितळू लागेपर्यंत थांबवायचा नसतो.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र, शांत रात्री एक तापमापक मैदानातील गवतावर उघडा ठेवा आणि दुसरा तसाच गवतावर, पण टेबलाखाली. पहाटे दोन्हींची नोंद घ्या. ढगाळ रात्री प्रयोग पुन्हा करा. दोन रात्रींच्या नोंदींतील फरक वहीत लिहिलात, म्हणजे थंडीच्या लाटेत निफाडचा द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या का पेटवतो, हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.