अंगाला न बसणारा कोट

१९७०च्या दशकात जपानी टीव्हीवर नेसकॅफेची एक जाहिरात लागायची. त्यात कुणी सिनेमातला हिरो नव्हता, क्रिकेटपटूचा तर प्रश्नच नाही. चष्मा लावलेला, उंच, हडकुळा असा एक कादंबरीकार होता. शुसाकू एन्दो. बहुतेक जपानी लोक त्याला ओळखायचे ते ‘कोरिआन’ या टोपणनावाने धमाल विनोदी लेख लिहिणारा माणूस म्हणून. ज्यांना अभिनय येत नाही अशा हौशी मंडळींना जमवून त्याने एक नाटक मंडळीही काढली होती. आणि याच माणसाने १९६६ साली ‘सायलेन्स’ लिहिली. देव गप्प का बसतो, असं विचारणारी इतकी बेचैन करणारी कादंबरी क्वचितच वाचायला मिळते.

एन्दो ख्रिस्ती होता. आपल्याला वाटेल, त्यात काय एवढं? पण जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचं प्रमाण आजही एक टक्क्याच्या आसपासच आहे. शिवाय एन्दोने हा धर्म स्वतःहून निवडलेलाही नव्हता. १९२३ साली टोकियोत जन्म, लहानपण मांचुरियातल्या दालियन शहरात. तिथे आईवडिलांचं बिनसलं आणि आई मुलांना घेऊन जपानला, कोबेला परतली. आई व्हायोलिन वाजवायची, तासन् तास रियाज करायची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती कॅथलिक झाली आणि मुलांनाही चर्चमध्ये नेऊ लागली. अकरा-बारा वर्षांच्या एन्दोचा बाप्तिस्मा झाला. तुझा विश्वास आहे का, असं फादरनी विचारलं, बाकीची पोरं ‘हो’ म्हणाली म्हणून हाही ‘हो’ म्हणाला. त्या एका ‘हो’चा अर्थ लावण्यात पुढचं सगळं आयुष्य गेलं, असं तो म्हणायचा.

याबद्दल बोलताना तो कोटाची उपमा द्यायचा. आईने आपल्या अंगावर एक पाश्चात्त्य कोट चढवला. तो मापाचा नव्हता, कुठे घट्ट, कुठे ढगळ. कितीदा तरी काढून फेकावासा वाटला. पण दिला होता आईने, आणि काढला तर घालायला दुसरं काहीच नव्हतं. मग ठरवलं, की तो उसवून आपल्या मापाचा करायचा, त्याचा किमोनो करायचा. एन्दोची लेखक म्हणून सगळी कारकीर्द ही त्या कोटाची शिलाई आहे, असं म्हटलं तरी चालेल.

बाकी तरुणपण अगदी आपल्या ओळखीचं आहे. प्रवेश परीक्षांमध्ये तीन वर्षं नापास. वडिलांचा हट्ट की पोराने डॉक्टर व्हावं, आणि पोरगा गेला केओ विद्यापीठात साहित्य शिकायला. वडिलांनी घराबाहेर काढलं. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. तब्येतीमुळे सैन्यात जावं लागलं नाही, पण कारखान्यात राबावं लागलं, आणि ख्रिस्ती म्हणजे शत्रूच्या धर्माचा, या नजरा झेलाव्या लागल्या. युद्ध संपल्यावर, १९५०मध्ये, तो बोटीच्या चौथ्या वर्गाने फ्रान्सला निघाला. युद्धानंतर शिकायला परदेशी गेलेल्या पहिल्यावहिल्या जपानी विद्यार्थ्यांपैकी तो एक. लिओंमध्ये मोरियाकसारख्या फ्रेंच कॅथलिक कादंबरीकारांचा अभ्यास करायचा होता.

तिथे तरी तो कोट अंगाला बसायला हवा होता ना? सगळा देशच त्या धर्माचा. पण झालं उलटंच. त्यांचा देव, त्यांची चर्चं, पाप-पुण्याची त्यांची काटेकोर वाटणी, हे सगळं फ्रेंच माणसाच्या रक्तात होतं, एन्दोच्या नव्हतं. घरी तो ख्रिस्ती म्हणून परका होता, इथे जपानी म्हणून परका झाला. त्यात क्षयाने गाठलं. १९५३मध्ये शिक्षण अर्धवट टाकून तो परतला आणि त्याच वर्षी आई गेली.

१९५५मध्ये ‘व्हाइट मॅन’ला अकुतागावा पुरस्कार मिळाला आणि नाव झालं. ‘सी अँड पॉयझन’मध्ये त्याने युद्धकैद्यांवर जिवंतपणी शस्त्रक्रिया करणारे जपानी डॉक्टर उभे केले; ती घटना क्युशूच्या विद्यापीठात खरोखर घडली होती. पण खरं वळण आलं ते हॉस्पिटलात. १९६०मध्ये क्षय उलटला. दोन वर्षं खाटेवर, तीन मोठ्या शस्त्रक्रिया. तिसरीतून वाचण्याची खात्री डॉक्टरांनाही नव्हती. एक फुप्फुस गेलं. त्या खाटेवर पडल्यापडल्या तो सतराव्या शतकातल्या जपानी ख्रिस्ती लोकांबद्दल वाचत होता.

इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा, कारण त्याचं एक टोक आपल्याजवळ आहे. जपानमध्ये ख्रिस्ती धर्म पोहोचला तो गोव्यातून. अंजिरो नावाच्या जपानी माणसाचा बाप्तिस्मा १५४८मध्ये गोव्यात झाला आणि पुढच्या वर्षी त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर जपानला उतरला. होय, ज्याचं शव ओल्ड गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात आहे तोच. सुरुवातीला धर्म झपाट्याने पसरला. मग १६१४मध्ये शोगुनने बंदी घातली. संशयितांना येशू किंवा मारियेची प्रतिमा असलेल्या पाटीवर पाय द्यायला लावायचे. तिला म्हणतात ‘फुमिए’. पाय दिला तर सुटका, नाही दिला तर हालहाल.

बरा झाल्यावर एन्दो नागासाकीला गेला. तिथे त्याने एक फुमिए पाहिली. तिच्या लाकडी चौकटीवर पायाच्या बोटांचे काळपट ठसे राहिले होते. ते ठसे त्याच्या डोक्यातून जाईनात. इतिहासात नावं राहिली ती हुतात्म्यांची. ज्यांनी पाय दिला, घरी गेले आणि उरलेलं आयुष्य मान खाली घालून काढलं, त्यांचं काय? चर्चने त्यांच्याबद्दल बोलणं टाळलं, सरकारला ते नको होते. आणि एन्दोला पक्कं ठाऊक होतं, की त्या रांगेत आपण असतो तर आपणही पाय दिला असता.

‘सायलेन्स’ या माणसांची आहे. कादंबरीचा नायक रॉड्रिग्ज हा पोर्तुगीज जेझुइट. लिस्बनहून गोवा, गोव्याहून मकाव असा प्रवास करत तो चोरून जपानात शिरतो. पण वाचून झाल्यावर डोक्यात राहतो तो किचिजिरो. भेकड, दारुडा, दरवेळी पाय देणारा, फादरला पैशांसाठी पकडून देणारा, आणि दरवेळी रडत माफी मागायला परत येणारा. वाचताना त्याचा राग राग येतो. एन्दो मात्र सरळ सांगायचा, की किचिजिरो म्हणजे मीच.

अनेक कॅथलिकांना ही कादंबरी अजिबात रुचली नाही. शरण जाणाऱ्याची बाजू घेणं म्हणजे हुतात्म्यांचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे, चर्चशी काडीचाही संबंध नसलेल्या डाव्या चळवळीतल्या विद्यार्थ्यांनी ती उचलून धरली. पोलिसी दबावाखाली आपले विचार सोडून द्यावे लागणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मार्टिन स्कॉर्सेसीला या कादंबरीने इतकं झपाटलं, की वाचल्यानंतर जवळपास पंचवीस वर्षांनी, २०१६मध्ये, त्याने तिच्यावर सिनेमा पूर्ण केला.

एन्दोची लिहायची पद्धतही गमतीची. लिखाणाच्या चौकटीच्या कागदाची पाठची बाजू घ्यायची आणि पेन्सिलीने मुंगीएवढ्या अक्षरांत खर्डा काढायचा. शेवटच्या मोठ्या कादंबरीच्या वेळी मात्र हे सगळं वेदनेत चाललं होतं. मूत्रपिंडं निकामी होत आलेली. त्या काळातली त्याची रोजनिशी मृत्यूनंतर सापडली. ती कादंबरी म्हणजे १९९३ची ‘डीप रिव्हर’. आणि ती घडते कुठे? वाराणसीत.

१९८४, इंदिरा गांधींच्या हत्येच्या सुमारास एक जपानी पर्यटकांचा गट गंगेकाठी येतो. कुणी मेलेल्या बायकोचा पुनर्जन्म शोधतंय, कुणाच्या डोक्यातून ब्रह्मदेशातलं युद्ध जात नाही. त्यांच्यापैकी एकीच्या ओळखीचा ओत्सु तिथे भेटतो. हा जपानी तरुण धर्मगुरू व्हायला फ्रान्सला गेला होता, पण तिथल्या गुरूंना त्याचे विचार पटले नाहीत. आता तो रस्त्यावर मरून पडणाऱ्या गरिबांना पाठीवर घेऊन घाटावर पोहोचवतो. खरं सांगायचं तर एन्दोचा भारत मला थोडा टूरिस्टी वाटतो; ऊन, गर्दी, भिकारी, चिता, सगळं ठरल्यासारखं येतं. पण चामुंडेच्या मूर्तीसमोरचा प्रसंग वाचा. रोगाने जर्जर, विंचवाने डसलेली, तरीही सुकलेल्या स्तनांनी लेकरांना पाजणारी ती देवी पाहून हे जपानी प्रवासी थबकतात. युरोपातल्या चर्चमध्ये जे एन्दोला सापडलं नव्हतं, ते त्याला इथे दिसलं असावं.

१९९६च्या सप्टेंबरमध्ये एन्दो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे ‘सायलेन्स’ आणि ‘डीप रिव्हर’ ही दोन पुस्तकं शवपेटीत ठेवली गेली. दोन्हींची इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. सुरुवात ‘सायलेन्स’पासून करा. फक्त शेवटचं परिशिष्ट गाळू नका. एका सरकारी अधिकाऱ्याच्या रुक्ष रोजनिशीसारखं आहे ते, त्यामुळे बरेच जण सोडून देतात. त्यात तारखांच्या आणि नोंदींच्या गर्दीत एका झडतीचा उल्लेख येतो. किचिजिरोच्या गळ्यातली ताइताची पिशवी उघडली जाते. आत ख्रिस्ती संतांची चित्रं निघतात. त्यातलं एक फ्रान्सिस झेवियरचं असतं.