विमान उतरू लागलं की मुलाला जागं करा

लहान मुलांची विमानातली कानदुखी बहुतेक वेळा प्रवासाच्या शेवटच्या अर्ध्या तासातली असते, आणि तिच्यावरचा उपाय मात्र आपण पहिल्या दहा मिनिटांतच उरकून टाकतो. विमानानं धावपट्टीवर वेग घेतला की आई बाळाला पाजायला घेते, बाबा मोठ्याच्या हातात चॉकलेट देतात. विमान खाली येऊ लागतं तेव्हा बाळ भरल्या पोटी गाढ झोपलेलं असतं आणि चॉकलेट केव्हाच संपलेलं असतं. यात पालकांचा दोष नाही. एकेकाळी आपल्याकडच्या देशांतर्गत विमानांत उड्डाणाआधी गोळ्या आणि कापसाचा ट्रे फिरत असे. कान जपायचे ते विमान सुटताना, ही समजूत तेव्हापासून घरोघरी रुजली. माझं म्हणणं असं, की हा क्रम उलटा करायला हवा. वर जाताना फारशी चिंता नको. उतरताना मात्र मूल जागं असावं आणि सतत काही ना काही गिळत असावं.

याचं कारण कानाच्या रचनेत आहे. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिथून एक बारीक नळी निघते आणि नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. बार्तोलोमेओ युस्टाकी या सोळाव्या शतकातल्या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. एरवी ही नळी मिटलेली असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि तेवढ्यात पडद्याच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. विमान वर जाताना केबिनमधला दाब कमी होतो, मध्यकर्णातली हवा फुगते आणि नळीला आतून ढकलत स्वतःच बाहेर पडते. त्यासाठी मुलाला फारसं काही करावं लागत नाही. उतरताना सगळं उलट होतं. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो, हवा आत शिरायला हवी असते. पण नळीचं घशाकडचं मऊ टोक त्याच वाढत्या दाबानं आणखी घट्ट मिटतं. आता ते स्नायूंनीच उघडायचं, म्हणजे गिळायलाच हवं. त्यातही उशीर चालत नाही. आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका झाला की स्नायूंची ताकद अपुरी पडते, आणि मग मूल कितीही गिळो, नळी उघडत नाही.

हे ९० मिलिमीटर किती लवकर भरतात ते पाहू. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जात असलं तरी केबिनमधली हवा फार तर ८,००० फूट उंचीवर असते तेवढीच विरळ होऊ दिली जाते. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट आहे, त्याहूनही वरची ही हवा. तिथला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो; फरक १९० मिलिमीटरांच्या थोडा वर. म्हणजे मुंबईत उतरणाऱ्या विमानात झोपलेल्या मुलाची नळी एकदाही उघडली नाही, तर निम्मी वाट सरेपर्यंतच ती अडकून बसू शकते. केबिनमधला दाब मिनिटाला साधारण ३०० फुटांच्या हिशेबानं वाढवत आणतात, म्हणून हा सगळा उतार पंचवीस-तीस मिनिटांचा असतो. खिडकीतून घरं दिसू लागतात तेव्हा त्यातला बराचसा वेळ निघून गेलेला असतो. शिवाय जमिनीजवळची हवा दाट असल्यामुळे शेवटच्या प्रत्येक हजार फुटांत दाब आधीपेक्षा जास्त वाढतो, आणि ठणका नेमका तेव्हाच जोर धरतो. खंडाळ्याचा घाट उतरताना मोठ्यांच्याही कानांना दडे बसतात, तिथे तर उतार दोन हजार फुटांच्या आसपासच आहे. दुखणं विमानाच्या दिशेचं नसून दाबाचं आहे, हे लेहच्या प्रवासात स्पष्ट होतं. लेहचा विमानतळ १०,६०० फुटांहून उंच, म्हणजे केबिनमधल्या हवेपेक्षाही वर. म्हणून तिथे उतरताना केबिनमधला दाब उलट कमी होतो. तो वाढतो लेहहून निघाल्यावर. या एका प्रवासात मुलाला विमान सुटल्यानंतर लगेच गिळायला लावायचं असतं.

मुलांनाच हा त्रास जास्त का, याचं उत्तरही त्या नळीत आहे. प्रौढांमध्ये ती साधारण साडेतीन सेंटीमीटर लांब आणि चांगली तिरपी असते. तान्ह्या बाळाची तिच्या निम्मी आणि जवळजवळ आडवी. तिचे स्नायूही अजून पुरते तयार झालेले नसतात. तिच्या तोंडाशी असलेली ॲडेनॉइडची गाठ बालवयात मोठी असते आणि शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला सर्दीपडसं तर वरचेवर होतंच. सर्दीत नळीचं अस्तर सुजतं. त्यात दुखतंय कुठे हे बाळाला सांगता येत नाही आणि आवंढा गिळ म्हटलेलं त्याला कळत नाही.

म्हणून ते काम आपण त्याच्याकडून करून घ्यायचं. तान्ह्या बाळाला उतार सुरू होताच अंगावर पाजावं, बाटली द्यावी किंवा चोखणी द्यावी. मात्र बाळ शक्यतो उभं-तिरपं धरावं आणि त्याचा पट्टा सुटू देऊ नये. उड्डाणाच्या वेळी पोटभर पाजलं तर ऐन गरजेला बाळ तोंड फिरवतं, तेव्हा मधलं एक पाजणं थोडं मागे ढकलावं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला पाण्याचे लहान लहान घोट, स्ट्रॉनं दूध, केळ्याचा तुकडा पुरतो. कडक गोळ्या आणि शेंगदाणे चार-पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, धक्का बसला की ते श्वासनलिकेत अडकू शकतात. थोडं मोठं मूल नाक चिमटीत धरून आवंढा गिळायला शिकतं. हे घरी खेळता खेळता आधीच शिकवून ठेवावं.

झोपलेल्या मुलाला उठवायचं, या सल्ल्यावर पालकांचा सर्वांत मोठा आक्षेप असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. परदेशाहून येणारी कितीतरी विमानं मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरतात. मोठ्या मुश्किलीनं झोपलेल्या मुलाला हलवायचं म्हणजे शेजारच्यांच्याही कपाळावर आठ्या. पण झोपेत गिळण्याचं प्रमाण खूप घटतं. उठवल्यावरची किरकिर पाच मिनिटांची असते, कान ठणकून जागं झालेल्या मुलाचं रडणं घरी पोहोचेपर्यंत थांबत नाही. आधी अनेकदा विमानातून गेलेलं, सर्दी नसलेलं, कधीही न कुरकुरलेलं मूल झोपू दिलं तर बिघडणार नाही, हे मी मान्य करते. सर्दी झालेलं, पहिल्यांदाच निघालेलं किंवा मागच्या वेळी रडलेलं मूल मात्र उठवायलाच हवं. ‘रडलं की कान आपोआप सुटतात’ असंही म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण रडताना मूल आवंढे गिळतं. पण ते रडू लागलं म्हणजे दुखणं आधीच सुरू झालेलं आहे.

दुसरा आक्षेप औषधाचा. निघण्याआधी सर्दीचं सिरप पाजलं की झालं, असं अनेक घरांत मानतात. प्रौढांमध्ये स्यूडोएफेड्रिन या औषधानं कानदुखी कमी होते असं अभ्यासांत दिसलं आहे, त्यावरून मुलांनाही ते लागू पडेल असं वाटणं साहजिक आहे. पण १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना हेच औषध दिलं गेलं, तेव्हा कानदुखीत फरक पडला नाही. मुलं फक्त जास्त पेंगुळली. पेंगुळलेलं मूल गिळत नाही, म्हणजे हा उपाय दुखण्याच्याच बाजूनं काम करतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं सर्दीवरचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनीही डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. नाक चोंदलं असेल तर साध्या खारट पाण्याचे थेंब घालून ते मोकळं करावं, तेवढं बस आहे.

कानात कोमट तेल घालण्याची आपली जुनी पद्धत इथे उपयोगाची नाही. दुखण्याचं मूळ पडद्याच्या आत आहे आणि तेल बाहेरच राहतं. पडद्याला भोक असेल तर अपायही होतो. कापसाच्या बोळ्याचंही तेच. गरम पाण्यात भिजवलेला टिश्यूपेपर पेल्यात घालून कानाला लावण्यात भाजण्याचा धोका आहे. दाब नियंत्रित करणारे म्हणून विकले जाणारे इअरप्लग डेन्मार्कमध्ये दाबकक्षात तपासले गेले, त्यांनी इजा टळली नाही.

काही मुलांसाठी वेगळा विचार लागतो. कानात ग्रोमेट बसवलेल्या मुलाला हा त्रास होत नाही, कारण दाब सारखा व्हायला वाट खुली असते. त्याच्या आईवडिलांनी उगाच घाबरू नये. तापासह कान दुखत असेल तर प्रवासाआधी डॉक्टरांना दाखवावं. उतरल्यावर दुसऱ्या दिवशीही कान दुखत राहिला, त्यातून पाणी किंवा रक्त आलं, ऐकू कमी येऊ लागलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नये.

उतार नेमका केव्हा सुरू होतो हे प्रवाशाला कळत नाही, वैमानिकाला कळतं. विमान कंपन्यांनी त्या क्षणी एक वाक्य बोलावं: आपण उतरू लागलो आहोत, लहान मुलांना जागं करून काहीतरी प्यायला द्या. ते सुरू होईपर्यंत पालकांनी विमानात चढतानाच कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावं, की उतरायला लागलो की आम्हाला सांगा.